समुद्रातला देव आणि अकोल्याचं ऊन

कोकणात जाऊन आल्यापासून अमरावतीत मला जो तो समुद्राबद्दल विचारतो. आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत तर मधल्या सुट्टीत दुसरा विषयच नसतो. केवढा असतो, पलीकडचा काठ दिसतो का, पाणी खरंच तोंडात धरवत नाही का. मी सांगतो, लोक माना डोलावतात, आणि तरी माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना वाटतं की हा मास्तर काही तरी गिळून बसला आहे. त्यांचं खरं आहे. माझा समुद्र अकोल्यात सुरू होतो आणि अकोल्यातच संपतो, आणि त्यात माझ्या नानामामांचा देव आहे. तो वगळून नुसत्या लाटा सांगायच्या म्हणजे फोडणी न दिलेलं वरण वाढायचं. आता मामांनीच परवानगी दिली आहे, तेव्हा सगळंच सांगतो.

अकोला

नानामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. अकोल्याच्या जुन्या शहरात भिक्षुकी करतात. माझं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण त्यांच्याच घरी झालं, त्यामुळे मी भाचा कमी आणि पोरगा जास्त. आवाज खणखणीत, मंत्र तोंडपाठ, राग नाकावर, आणि त्याच नाकात दिवसभर तपकीर. गेल्या कैक वर्षांत त्या नाकाने तपकिरीखेरीज दुसरा वास घेतलेला नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

मामांचं एकच दुःख होतं. भाऊ वेगळे झाले तेव्हा घरचा शाळिग्राम थोरल्या मामांबरोबर इंदूरला गेला. रीतीप्रमाणेच गेला, त्यात कुणाची चूक नव्हती. पण शाळिग्राम विकत घ्यायचा नसतो. तो वाडवडिलांकडून यावा, कुणी दान द्यावा, नाही तर आपल्या पायांनी चालत घरी यावा. मामांकडे तो तिन्ही वाटांनी आला नाही. त्यांच्या देवघरात बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, आणि शाळिग्रामाच्या जागेवर एक सुपारी आहे.

"गावभर लोकांच्या देवाले आंघोळी घालून राहिलो," मामा कधी तरी जेवताना म्हणायचे, "आन् घरी येऊन सुपारी धुतो." यावर मामी त्यांच्या ताटात भाकरीचा चतकोर जास्तीचा टाकायच्या.

मामांची मुलगी सिंधू. तिचा नवरा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. महाराष्ट्र झाला आणि वऱ्हाडातल्या नोकरदारांच्या बदल्या कुठल्या कुठे व्हायला लागल्या, तशी या जावयाची बदली थेट कोकणात, देवगडच्या खाली एका लहान बंदरावर झाली. सिंधूचं बोलावणं वर्षभर चालू होतं. पण वैशाखात भिक्षुकाला सवड कुठली? या वर्षी मात्र शुक्राचा अस्त आला, लग्नं बंद पडली, आणि मामा एकदम रिकामे झाले. मला उन्हाळ्याची सुट्टी होतीच. मामी म्हणाल्या, "तुमी दोघं जाऊन या. मले इथून हलता येत नाही, पाणपोई कोण पाहीन?"

पाणपोई म्हणजे घरापुढच्या कडुनिंबाखाली मामी दर उन्हाळ्यात मांडतात ते रांजण. भल्या सकाळी भाजी-फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या माळणी तिथे थांबतात, कापसाच्या जिनातले मजूर थांबतात. आम्ही निघालो त्याच दिवशी मोठ्या रांजणाला खालच्या अंगाला बोटभर चीर गेलेली मामींना दिसली. "कुंभाराकडून दुसरा आणा," त्या म्हणाल्या. मामांनी टांग्यात पाय ठेवला होता. "आल्यावर पाहू," ते म्हणाले, आणि आम्ही निघालो.

बोटीवर

मुंबईपर्यंतची गाडी सगळ्यांना माहीत आहे, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा मात्र मी वही-पेन्सिल घेऊन कठड्याशी उभा राहिलो. मामा डेकवर सतरंजी टाकून बसले. सोबत मामींनी दुधात भिजवलेल्या दशम्या दिल्या होत्या, लसणाचा ठेचा होता, आणि अकोल्याच्या पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या होता. बोटीवरच्या पाण्याला मामा तोंड लावणार नव्हते.

"मामा, पाहा तरी," मी म्हणालो. ते उठले, कठड्याला धरून उभे राहिले, आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं आता एखादं स्तोत्र निघेल.

"एवढं पाणी," ते म्हणाले, "आन् एक घोट कामाचा नाही. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीसारखं."

पूर्णेच्या काठच्या ज्या गावांत विहिरीचं पाणी खारट लागतं, तिथली म्हातारी माणसं सांगतात की फार पूर्वी तिथे समुद्र होता. मामांच्या मते तोच हा समुद्र, वऱ्हाडातून उठून इथे येऊन बसला. त्यानंतर बोट हलायला लागली आणि मामांचं भूगोलावरचं बोलणं थांबलं. दशम्या मला एकट्यालाच खाव्या लागल्या. ठेच्याचा वास घेऊन शेजारचे एक मालवणी गृहस्थ सरकत सरकत जवळ आले, चिमूटभर मागितला, खाल्ला, आणि पुढचा पाऊण तास काहीही न बोलता समुद्राकडे पाहत राहिले.

देवगडला बोट काठाला लागत नाही. मध्येच उभी राहते आणि पडाव, म्हणजे लहान होड्या, येऊन माणसं उतरवून नेतात. पडावही शेवटी गुडघाभर पाण्यात थांबतो, आणि तिथून एक दणकट खारवी माणसांना खांद्यावर घेऊन कोरड्या वाळूत ठेवतो. मामा आधी नको म्हणाले. मग धोतराकडे पाहून हो म्हणाले. खारव्याच्या खांद्यावर बसलेले मामा, एका हातात वर धरलेली तपकिरीची डबी, दुसऱ्या हाताने त्याचं डोकं घट्ट पकडलेलं, असे ते कोकणच्या भूमीवर उतरले. सिंधू वाळूत उभी होती. ती आधी हसली आणि मग रडली.

बंदर

सिंधूचं बिऱ्हाड समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात फणस, मागे माड, आणि दिवसरात्र तो एक गाजणारा आवाज. आमच्याकडे उन्हाळ्यात वाळ्याचे तट्टे लावून, त्यावर पाणी मारून माणूस दुपार काढतो. ऊन असतं, पण घाम अंगावर टिकत नाही. इथे ऊन दिसायला मऊ आणि घाम मात्र पाठ सोडत नाही. मामा दिवसातून तीनदा आंघोळ करत आणि तिन्ही वेळा कोरडे होत नसत.

जेवणाचं तर विचारू नये. आमच्याकडे नारळ फुटतो तो देवापुढे. इथे तो आमटीत, भाजीत, उसळीत, आणि कशातच नसेल तर वरून. सिंधूच्या घरमालकीणबाईंनी हौसेने फणसाची भाजी, आमसुलाचं सार आणि भाताचा डोंगर वाढला. मामांनी तो भात पाहिला आणि हळूच सिंधूला विचारलं, "ज्वारीचं पीठ आणलं होतं ना मी?" दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी भाकरी सुरू झाली. आमसुलाचं सार मात्र त्यांना इतकं आवडलं की परत येताना आमसुलं बांधून घेतली. बाकी खाण्यात मन नव्हतं. एक भाकर, वाटीभर सार, की उठले. सिंधू मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, "भाऊ, बाबाले बरं नाही का?"

संध्याकाळी आम्ही काठाकाठाने फिरायला जात असू. पावसाच्या आधी होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या, पालथ्या घातलेल्या. एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, चुलीवर काही तरी काळं शिजवत आणि ते काठीने फळ्यांच्या फटींत भरत. मामा थांबून पाहत राहत. "पाणी आत येत नाही मग?" त्यांनी विचारलं. "थेंब येऊचो नाय," तांडेल म्हणाले. मामांना ते फार पटलं. आपल्या गावच्या सुताराला हे येत नाही, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

आणि मग एका सकाळी ते घडलं. मामा पहाटेच समुद्रस्नानाला जात, अर्घ्य देत, संध्या करत. त्या दिवशी मी ओसरीवर दात घासत होतो, तर ओल्या धोतराने, ओंजळ छातीशी धरून मामा अंगणात आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वसंता," ते म्हणाले, "आला."

"कोण आलं?"

त्यांनी ओंजळ उघडली. लहान संत्र्याएवढा, काळाभोर, गुळगुळीत गोल दगड. एका बाजूला छोटी पोकळी, आणि त्या पोकळीत आत बसलेलं वेटोळं. शाळिग्राम ज्याने पाहिला आहे त्याला हे वेटोळं माहीत आहे. तेच चक्र, त्याच्यावरूनच त्याची ओळख पटते.

"अर्घ्य देऊन राहिलो होतो. डोळे उघडले तर पायाशी. लाटेनं आणून ठेवला."

"पण मामा, शाळिग्राम तर गंडकीत सापडते ना?"

"हो," मामा म्हणाले. त्यांनी याचा विचार वाटेतच करून ठेवला होता. "गंडकी गंगेले भेटते. गंगा समुद्राले भेटते. मग? त्याले यायले किती वेळ लागते? मी थोरल्याशी भांडलो नाही, विकत आणला नाही, कोणाले मागतला नाही. म्हणून आला."

मी तो हातात घेतला. दगडाच्या मानाने फार हलका. हाताला कोमट. अंगठा जरा जोरात टेकला तर त्याचा ठसा उमटला, आणि मी घाईने बोट फिरवून तो मिटवला. मग वास घेतला. अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता पक्का केला तेव्हा आठवडाभर घरात जो वास कोंडला होता, तोच. पोकळीतलं चक्र म्हणजे एक चिमुकला शंख होता, गोगलगायीच्या पाठीवर असतो तसा, त्या काळ्यात रुतून बसलेला. नाक शाबूत असलेल्या कुठल्याही माणसाने ते ओळखलं असतं. मामांचं नाक तपकिरीने केव्हाच विकत घेतलं होतं.

सिंधू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने वडिलांच्या ओंजळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामा देव ठेवायला आत गेले तशी ती बाहेर आली.

"भाऊ, बाबाले सांगू नोको."

"अवं, पण ते डांबर हाये."

"मले माहीत हाये. रोज संध्याकाळी तळपायाचं डांबर खोबरेल लावून काढतो आमी. इथल्या लहान लेकराले पण समजते." तिने पदराने डोळे पुसले. "तू सुपारी धुताना पाह्यलं का त्याईले? त्या वेळी कोणाशी बोलत नाहीत. आज पाह्य कसे बोलून राहिले."

त्या दिवशी मामांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि भातही मागितला. मी शास्त्र शिकवणारा माणूस, खोट्याला खोटं म्हणायची मला सवय आहे आणि खाजही आहे. पण भात कालवता कालवता मामा जावयाला गंडकीचा मार्ग समजावून सांगत होते, आणि मी गप्प बसलो.

तांडेल काय म्हणाले

तरी संध्याकाळी एकटाच काठावर गेलो. तांडेल टोपली घेऊन वाळूतून चालत होते आणि वाकून काळे गोळे उचलत होते. कुठे आवळ्याएवढे, कुठे भाकरीसारखे चपटे. भरतीची रेघ जिथपर्यंत आली होती तिथवर ती काळी माळ लागली होती. मामांना त्यातला नेमका एक दिसला होता, तोही चक्राचा.

"हे डांबरच ना?" मी विचारलं.

"डांबर. पावसाच्या आधी दर वर्साक येतां. होडयेच्या फटी बुजवूक बरां."

"जहाजांतून सांडतं का?"

"जहाजाचां असात थोडां. पण माझो आजो होडयेक हेंच लावी. तेव्हा आगबोटी खंय होत्यो?"

"मग येतं कुठून?"

त्यांनी हाताने खोल समुद्राकडे दाखवलं. "भायर लांब गेलां की कधीकधी पाण्यार तेलाचो पट्टो दिसता. वर जहाज नाय, होडी नाय. वास मात्र येता. खालसून येतां तां. दर्याच्या बुडातसून."

मी टोपलीतला एक गोळा उचलला आणि वाळूत बसलो. आमच्या पुस्तकात खनिज तेलाचा धडा अर्ध्या पानाचा आहे आणि मी तो एका तासात उरकतो, कारण मुलांना आणि मलाही तेल म्हटलं की सरकीचंच आठवतं. आता त्या अर्ध्या पानाला पहिल्यांदा चव आली. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, वनस्पती असतात, मोजता येणार नाहीत इतक्या. त्या मरतात आणि सावकाश तळाशी जातात. वरून गाळ पडतो, त्यावर आणखी गाळ. माणसाचा पत्ता नव्हता तेव्हापासून हे चाललं आहे. त्या भाराखाली, आतल्या उष्णतेने, ते सगळं शिजतं आणि त्याचं तेल होतं. खडकाला कुठे चीर असली की तेल तिच्यातून वर पाझरतं. पातळ भाग उडून जातो, जाड राहतो, लाटा त्याला लोळवून लोळवून गोल करतात आणि काठावर आणून टाकतात. खंबायतच्या बाजूला तेलाचा शोध चालल्याच्या बातम्या हल्ली पेपरात येत असतात. इथे समुद्र ते कुणी न मागता फुकट वाटत होता.

मी हे सगळं मामांना सांगायचं ठरवून उठलो. उठताना पाहिलं तर माझ्या धोतराला मागून वीतभर काळा डाग. सिंधूने खोबरेल चोळून चोळून तो काढला, आणि मी पुन्हा गप्प राहिलो.

परतीची वाट

माझी खरी परीक्षा परतीच्या प्रवासात झाली. कोकणात हा गोळा कोमट होता. वैशाखात भुसावळच्या पुढे लोखंडसुद्धा हात लावू देत नाही, तिथे याचं काय होणार? मामा देवाला रुमालात बांधून छातीशी घेऊन बसणार होते. मी डोळ्यांसमोर मामांचा काळा झालेला सदरा पाहत होतो.

वाचवलं ते मामांनीच. निघताना म्हणाले, "समुद्रातून आला, एकदम कोरड्यात कसा नेता? पाण्यातच राहू दे." फिरकीच्या तांब्यात समुद्राचं पाणी भरलं आणि देव आत सोडला. मी इतका मोकळा श्वास घेतला की सिंधूला हसू आलं.

मनमाड सुटलं आणि खिडकीतून भट्टी फुंकायला लागली. तांब्या हाताला लागेनासा झाला. मी पंचा भिजवून तांब्याभोवती गुंडाळला. पंचा पाहता पाहता वाळायचा, मी पुन्हा भिजवायचो. प्रत्येक स्टेशनावर नळाकडे पळायचो, धावत परत यायचो. जळगावला गाडी सुटता सुटता चढलो आणि चप्पल तिथेच राहिली. भुसावळला एका बर्फवाल्याकडून बर्फाचा खडा घेतला आणि पंचाच्या घडीत घातला. डब्यातली माणसं बघत होती. एका आजीबाईंनी विचारलं, "काय हाये बाबू तांब्यात?"

"देव हाये," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जड झाला. "वसंता, तुले म्या आजवर नास्तिक समजलो. तुया मनात एवढी श्रद्धा हाये, मले ठाऊक नव्हतं."

मलकापूरला मी एकदा धीर केला. "मामा, एक सांगू का," इतकं म्हणालो. पण मामांना झोप लागली होती. मांडी घातलेली, एक हात तांब्यावर, आणि चेहऱ्यावर सणाच्या दिवशीचं समाधान. मी पंचा पुन्हा भिजवला.

पुन्हा अकोला

मामी दारात उभ्या होत्या. देव उंबऱ्याच्या आत आला तसं त्यांनी नाक फुगवलं. "काही जळून राहिलं का?" त्या म्हणाल्या. मी छताकडे पाहिलं. मामी हुशार बाई. त्यांनी आधी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नंतर तांब्याकडे, आणि पुढे एक शब्द काढला नाही. रांजण तसाच गळत होता, त्याखाली त्यांनी घमेलं लावलं होतं. कुंभाराकडचे सगळे रांजण यंदा अक्षय्यतृतीयेलाच खपले होते.

पौर्णिमेला मामांनी स्वतःच्या घरी सत्यनारायण घातला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी सांगितलेली पूजा त्या दिवशी स्वतःसाठी, स्वतःच्या देवापुढे. गल्लीतली सगळी माणसं बोलावली. मला अमरावतीला जायचं होतं, पण मामांनी सोडलं नाही. "तुयाशिवाय कशी पूजा? तूच तर आणला त्याले सांभाळून."

पूजा सुरू झाली तेव्हा ऊन चढलं होतं. पत्र्याखालची ओसरी, दाटीवाटीने बसलेली माणसं, समया, उदबत्त्या. देव पाण्यातून निघून ताम्हनात आला. मामांनी पंचामृत घेतलं. दूध, दही ठीक. तूप आणि मध पडले तसा ताम्हनातला पांढरा रंग विटकरी व्हायला लागला. हे तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर पडणार, या कल्पनेने माझ्या अंगावर त्या उन्हात काटा आला. मामांनी देवाला पुसलं, पुसलेलं वस्त्र काळं झालं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. मंत्र चालूच होता. त्यांनी तुळशीचं पान देवाच्या डोक्यावर ठेवलं.

ते पान हळूहळू आत गेलं.

मी पाहत होतो, मामी पाहत होत्या, आणि पुढच्या ओळीतल्या बायकाही पाहायला लागल्या. देव खाली बसत होता. पोळपाटावर ठेवलेला कणकेचा गोळा आपल्याच वजनाने पसरतो तसा. चक्र एका बाजूला कलंडलं. मामांचा आवाज क्षणभर थांबला. त्यांनी बोट लावलं, बोट वर घेतलं, आणि त्याच्यामागून एक काळा तंतू लांब होत वर आला.

ज्या माणसाला सगळं गाव देवाच्या खाणाखुणा विचारायला येतं, त्याची आता कायमची चेष्टा होणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

मामांनी तो तंतू पाहिला. मग बोट धोतराला पुसलं आणि राहिलेली पूजा पुरी केली. कथा सांगितली, एकही ओळ गाळली नाही. आरती झाली. मग ते वळून बसले.

"ऐका," ते म्हणाले. "देव म्हणून आणला होता, पण देव नव्हता. डांबर निघालं. तीर्थ कोणी घेऊ नका, पोट बिघडीन. शिरा बराबर आहे, तो घेऊन जा."

मग मागून मामींच्या हसण्याचा आवाज आला. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि थांबता थांबत नव्हत्या. मग मामा हसले, मग सगळी ओसरी हसली. शिरा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

माणसं गेल्यावर मामा ताम्हनापुढेच बसून होते. "तुले ठाऊक होतं," ते म्हणाले.

"होतं."

"कधीपासून?"

"तुमी दाखवलं तेव्हापासून."

"मग गाडीत ते पंचे भिजवून राहिला होता..."

"वितळू नये म्हणून."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आन् मी तुया मामीले सांगतलं, वसंता सुधारला म्हणून." मग आवाज खाली गेला. "काहून नाही सांगतलं रे?"

"तुमी दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी," मी म्हणालो.

त्यांनी ताम्हन जवळ ओढलं. मग म्हणाले, "सांग आता. काय हाये हे? कुठून येते?" मी त्यांना सगळं सांगितलं. डोळ्यांना न दिसणारे जीव, तळाचा गाळ, ते दबून शिजणं, खडकाची चीर, तेलाचं पाझरणं. मामा कथा ऐकावी तसे ऐकत होते, मध्ये हुंकार देत.

"म्हणजे जीवच होते ते," ते म्हणाले.

"जीवच."

"समुद्राच्या बुडी, कोणाले माहीत नाही किती काळ. आन् तिथून निघून माया पायाशी." त्यांनी मान हलवली. "शाळिग्राम नाही, ते समजलं. पण म्या त्याले गंध लावलं, तुळस वाह्यली. आता त्याले उकिरड्यावर टाकता येत नाही. वाहत्या पाण्यात सोडा लागते."

"मोर्णा नदीत?" मामी आतून म्हणाल्या. "मोर्णेत म्हशी वाळूत बसून राहिल्या. पाणी कुठी हाये या दिवसांत? पाणी त्या रांजणातून गळते तेवढंच."

मामा मान वर करून मामींकडे पाहायला लागले. मग माझ्याकडे. "वसंता, तो म्हातारा होडीले लावत होता, ते हेच का?"

"हेच."

"थेंब येत नाही म्हणे."

ते उठले. रांजण रिकामा केला आणि त्या भर दुपारी उन्हात आडवा टाकला. चीर कोरडी खडखडीत झाली तेव्हा ताम्हनातला देव दोन्ही हातांनी उचलला आणि चिरेवर लावला. लावणं काही अवघड नव्हतं, अकोल्याच्या उन्हाने तो आधीच मऊ करून ठेवला होता. वरून ओला हात फिरवून सारखं केलं. चक्राचा तो चिमुकला शंख राहिला होता, तो मधोमध दाबून बसवला. ऊन उतरल्यावर, सगळं थंड झाल्यावर, आम्ही दोघांनी रांजण उभा केला आणि मामींनी पहिली घागर ओतली. मामांनी मंत्र म्हटला. विसर्जनाचा होता की स्थापनेचा, मी विचारलं नाही. आम्ही तिघंही खाली बसून चिरेकडे पाहत राहिलो. थेंब आला नाही.

परवा

परवा अकोल्याला गेलो होतो. देवघरात सुपारी आपल्या जागेवर आहे. मामा तिला आंघोळ घालतात, आता बोलत बोलत घालतात. पूजा आटोपली की देवघरातलं एक तुळशीचं पान घेऊन बाहेर येतात आणि रांजणाच्या त्या काळ्या पट्टीवर ठेवतात.

मी ओट्यावर बसलो होतो. एक माळीण बाजारातून परतताना पाणी प्यायला थांबली. टोपलीत मोगऱ्याची उरलेली फुलं होती. "महाराज," तिने विचारलं, "रांजणाले तुळस काहून वाहता?"

"पाहुणा हाये आमचा," मामा म्हणाले. "समुद्राकडून आलेला. उन्हात उभा राहून पाणी सांभाळून राहिला."

माळणीने मान डोलावली. दोन गडवे पाणी प्यायली, टोपलीतून मोगऱ्याचं एक फूल काढलं आणि पानाशेजारी लावलं. ऊन चढलं होतं, फूल तिथेच चिकटून राहिलं.

ती गेल्यावर मामा वाकले, फुलाजवळ नाक नेलं आणि हुंगलं. "वास येते का रे याले?"

"येते," मी म्हणालो. "मोगऱ्याचा आन् डांबराचा."

"मले एकही येत नाही," मामा म्हणाले. रांजणात गडवा बुडवून त्यांनी माझ्यापुढे धरला. "पण पाणी पाह्य, कसं थंड हाये."